हद्दीबाहेरचा कौल

"आप्पा, कुठं जायचं तेवढं सांगा," भरमा म्हणाला आणि मारुतीरावांच्या घशात पोह्यांचा घास अडकला.

भरमा हा मारुतीरावांचा एकुलता एक मुलगा. मुंबईत एका विमान कंपनीच्या वर्कशॉपात तो विमानांची चाकं बदलायचं काम करायचा. नोकरीत कायम झाल्याबद्दल कंपनीने त्याला आई-वडिलांसाठी फुकट पास दिला होता. कंपनीचं विमान जगात जिथं जिथं उतरत होतं, तिथं कुठंही जाऊन यायचं, फक्त होळीच्या आत. दोघांचे पासपोर्ट त्याने आधीच काढून ठेवले होते. बातमी समोर बसून सांगायची आणि आई-आप्पांची तोंडं बघायची, एवढ्यासाठी तो रजा काढून बेळगावात, अनगोळला आला होता.

"आणि एक हाय," तो म्हणाला, "कंपनीच्या माणसांना जागा उरली तरच बसवत्यात. चढा म्हटलं की चढायचं, उतरा म्हटलं की उतरायचं. ट्रंका-वळकट्या चालणार न्हाईत. सगळं सामान पाठीवर. तिकडं गोरी म्हातारी माणसंबी तशीच फिरत्यात. पाठीला पिशवी आणि देशोदेशी."

"पाठीला पिशवी?" यशोदाबाईंनी विचारलं.

"व्हय आई. कॅम्पातल्या शिपायांच्या पाठीला पिट्टू असती न्हवं, तसली."

 यशोदाबाईंनी मारुतीरावांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला. त्याची त्यांना फारच गरज होती.

इथं मारुतीरावांविषयी थोडं सांगायला हवं. बेळगावच्या एका फौंड्रीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर जगाचा कारभार हाती घेतला. मष्णू टेलरच्या दुकानाची फळी हे त्यांचं आसन. रोज सकाळी तिथं बसून ते पेपर वाचायचे आणि संध्याकाळी रेडिओवर ऐकलेलं सकाळच्यात मिसळून लोकांना सांगायचे. गटार तुंबलं की "जपानात असं चालत न्हाय" म्हणायचे. एसटी उशिरा आली की "लंडनमध्ये ड्रायव्हरला घरी बसवला असता" म्हणायचे. "एकदा ह्या जबाबदाऱ्या संपू देत, मग मी हाय आणि जग हाय," हे वाक्य तर अनगोळातल्या लहान पोरांनाही पाठ होतं.

खरी गोष्ट अशी होती की मारुतीरावांना उंचीचं भय होतं. साधंसुधं नव्हे, पाय थरथरावेत असं. माळ्यावरचा डबा काढायचा तर ते शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभे राहून "हितं न्हाय दिसत" म्हणून खाली यायचे. घाटात तर त्यांचं पोट आणि डोकं दोन्ही फिरायचं. रेल्वे तेवढी सोसायची, कारण ती जमिनीला धरून चालते. त्यांचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कोल्हापूर. तिथल्या एका लग्नाला जाताना घाट संपून सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एसटी थांबली तेव्हा ते खाली उतरून जे रस्त्याच्या कडेला बसले, ते कंडक्टरने हाताला धरून आणेपर्यंत उठले नव्हते. हे गुपित त्यांनी जन्मभर सांभाळलं होतं. आता विमानात बसायचं नव्हतं, आणि बसायचं नाही हे तोंडातून काढायचंही नव्हतं. काढलं असतं तर मष्णूच्या फळीवर पुन्हा कुठल्या तोंडाने बसणार?

मग त्यांना एक वाट सुचली. ठिकाण! ठिकाणच ठरलं नाही तर विमान नेणार कुठं?

"घाई करून उपयोग न्हाय भरमा," ते घसा साफ करून म्हणाले. "जग काय लहान हाय? ठिकाण नीट निवडायला पायजे."

"निवडा की. ठरलं की मला कळवा," असं म्हणून भरमा मुंबईला परत गेला.

तो गाडीत बसायच्या आत बातमी अनगोळभर झाली होती. मष्णूने तंबूच्या हिरव्या कापडाच्या दोन पिट्टू शिवायला घेतल्या. मारुतीरावांच्या पाठीचं माप त्याने कोटाचं घेतात तसं, दोनदा आणि तोंडात टाचण्या धरून घेतलं.

"अण्णा, मागच्या बाजूला देशाचं नाव कशिद्यानं काढतो," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात. तेवढी जागा सोडलीया. नाव सांगा फक्त."

"सांगतो की."

"माझं ऐकशिला तर सिंगापूर. तितलं टेरिकॉट लई भारी असतंय म्हणं. येताना दोन तागं आणा."

"सिंगापूर म्हंजे भर समुद्रातलं गाव," मारुतीराव गंभीरपणे म्हणाले. "भरतीच्या येळंला विमान उतरवत न्हाईत."

मष्णूने आदराने मान हलवली. तिथून पुढं रोज एक देश सुचवला जायचा आणि रोज एक देश निकालात निघायचा. लंडनला ऊन पडत नाही, तिथं अंगावरचे कपडे वाळणार कधी? जपानची जमीन हलते. रोममध्ये पोटाला नीट मिळत नाही. नैरोबीत सिंह थेट स्टेशनात येऊन बसतात. कारणं इतक्या आत्मविश्वासाने दिलेली असायची की ऐकणाऱ्याला वाटे, मारुतीअण्णा आत्ताच तिथून परत आले आहेत. दिवस सरत होते, होळी जवळ येत होती, आणि मारुतीरावांना रात्री बऱ्यापैकी झोप लागू लागली होती.

तेवढ्यात तरुण मंडळाने घोटाळा केला. मंडळाची सत्यनारायणाची पूजा होती. मंडप उभा होता, स्पीकर भाड्याने आणला होता, हारही एक जास्तीचा आला होता. मंडप आहेच तर मारुतीअण्णांचा निरोप समारंभही उरकून घ्यावा, असं कार्यकर्त्यांना वाटलं. पूजा झाल्यावर त्यांनी मारुतीरावांना धरून व्यासपीठावर नेलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि स्पीकरवरून "परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा" दिल्या. मारुतीराव भाषणाला उभे राहिले आणि नुसता नारळ कुरवाळून खाली बसले. गाव सोडवत नाही असं लोकांना वाटलं.

एकदा निरोप दिलेला माणूस गावात फिरताना दिसला की लोकांची पंचाईत होते. भाजीबाजारात एका बाईने त्यांना बघून कोथिंबिरीची जुडी खाली टाकली. "अवो अण्णा, तुम्ही गेलता न्हवं?" न्हाव्याने "जाऊन आलासा व्हय? केस तर तेवढंच हाईत" म्हटलं. मारुतीराव मागच्या बोळाने फिरू लागले. मष्णूकडे जायचं त्यांनी बंद केलं, तर मष्णूच अर्धी पिट्टू आणि कशिद्याचा दोरा घेऊन घरी यायला लागला.

एके दिवशी तो असाच दारात येऊन बसला असताना यशोदाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "एवढं ठरंना झालंय तर गावाकडं जाऊन देवाला कौल लावूया की."

मारुतीरावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. देव! देवाने नको म्हटलं तर कोण काय बोलणार? देवाचा शब्द मोडून जाणारा नास्तिक म्हणवून घेण्यापेक्षा घरी राहिलेला भाविक कितीतरी बरा.

"आगदी माझ्या मनातलं बोललीस," ते म्हणाले. "देव म्हणंल तसं."

मारुतीरावांचं मूळ गाव गुंजी स्टेशनच्या पलीकडे, रानाच्या कडेला, एका ओढ्याच्या काठी होतं. तिथल्या रवळनाथाला विचारल्याशिवाय गावात कुणी नांगर धरत नाही की सोयरीक जुळवत नाही. गुरव देवाच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक ओली पाकळी लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एवढा सोपा कारभार.

पॅसेंजरने ते तिघं गुंजीला उतरले. तिसरा मष्णू होता, कशिद्याचा निकाल त्याला स्वतःच्या कानाने ऐकायचा होता. गावात पोचून चहापाणी झाल्यावर मारुतीराव हातपाय धुवायच्या निमित्ताने देवळामागे गेले आणि रवळू गुरवाला गाठलं.

"रवळू, डावा पडंल असं बघ की रं जरा."

रवळू कपाळाला हात लावून खाली बसला. "मारुतीदा, तुम्ही चौथं हाय बगा आज. तुमचा टेलर म्हंतोय सिंगापूरला उजवा पाड. पाटलांचा जावई म्हंतोय लंडनला पाड, त्याला घड्याळ पायजे. तुमची चुलती म्हंती कुठंच धाडू नको, आणि आता तुम्हीबी तेच म्हंतासा. सगळ्यांच्या दारात मला सुगीला धान मागायला जायाचं असतंय. मी कुणाकुणाचं मन मोडू?"

यावर रवळूने स्वतःच्या अकलेने तोडगा काढला. कुणाचंच मन मोडायचं नाही. त्याने पाकळ्यांना पाण्याऐवजी उगाळलेलं चंदन फासलं, तेही भरपूर, आणि दोन्ही पाकळ्या अंगठ्याने दाबून बसवल्या.

देवळात अख्खा गाव जमला होता. गावकीचे म्हातारे मानकरी देवाप्पा पुढं बसले होते. रवळूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू मारुती, लंडन म्हणून गाव हाय तितं जाऊ म्हंतंय..."

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

"...त्याला उजवा-डावा काय असंल ते दे म्हाराजा!"

लोक पाकळ्यांकडे बघू लागले. पाकळ्या लोकांकडे बघत राहिल्या. पान खाऊन झालं, दुसरं पान लावून झालं, एका म्हाताऱ्याची डुलकी काढून झाली. मग सिंगापूर विचारलं, मग जपान. पाकळी जागची हलली नाही. कौल न देणारा रवळनाथ गावाने आजवर पाहिला नव्हता. लोक घाबरून देवाप्पांच्या तोंडाकडे बघू लागले.

देवाप्पांनी बराच विचार केला. "देव कोपला न्हाय," ते शेवटी म्हणाले. "त्येची हद्द न्हाय ही. आपल्या रवळनाथाचा कारभार वड्यापत्तूर. वड्याच्या पलीकडची लंडनं-सिंगापुरं त्यानं कशी बोलायची? ते वेशीवरच्या देवाचं खातं."

सगळ्यांना ते एकदम पटलं. आपण ह्या राज्यातले की त्या राज्यातले हे इतकी वर्षं ज्या मुलखाला कुणी धड सांगितलेलं नाही, तिथं हद्दीचा मुद्दा कुणालाही चटकन कळतो. मारुतीरावांना तर देवाप्पांच्या पाया पडावंसं वाटलं. खात्याखात्यांत कागद फिरायला लागला की निकालाची काळजी करावी लागत नाही, हे फौंड्रीच्या स्टोअरमध्ये त्यांनी पाहिलेलं होतं.

मिरवणूक वेशीवर गेली. रवळू चंदनाची वाटी घेऊन बरोबर होताच. वेशीवरच्या शेंदरी दगडाला पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच.

"ह्येचीबी हद्द न्हाय," देवाप्पा म्हणाले. "हा वेस राखतोय. वेशीतनं भाईर पडलेलं माणूस जातंय कुठं, त्याला काय ठावं? आता डोंगरावरची देवी. तिला वरनं सगळं दिसतंय. ट्रॅक्टर काढा रं!"

मारुतीरावांचा चेहरा उतरला. डोंगर? देवीचं देऊळ थेट माथ्यावर होतं आणि वर जायला एक कच्चा, वळणावळणाचा रस्ता, ज्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. पण आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली गेली, माणसं चढली, आणि विमानात बसायला नको म्हणून देवाकडे आलेले मारुतीराव ट्रॉलीच्या कडेला धरून आभाळाच्या दिशेने निघाले.

"अण्णा, डोळं मिटून काय करतासा?" मष्णूने विचारलं.

"जप करतोय," मारुतीराव दातावर दात ठेवून म्हणाले. तेवढ्यात ट्रॉलीचं मागचं चाक एका दगडावर चढलं आणि त्यांचा जप सगळ्यांना ऐकू गेला. त्यात देवाचं नाव एकही नव्हतं, पण ट्रॅक्टरवाल्याच्या घरातली बरीच माणसं येऊन गेली.

वर पोचल्यावर मारुतीराव देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसले. इथून खालचं खोरं, गुंजीचे रूळ आणि लांबवर पसरलेलं रान एका नजरेत दिसत होतं. बाकीचे कडेला जाऊन बघत होते. मारुतीराव भिंत बघत होते. खाली उतरायचं अजून बाकी होतं.

रवळूने पुन्हा चंदनात बोटं घातली. तेवढ्यात यशोदाबाई पुढं झाल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"रवळूभावजी, थांबा जरा. सकाळधरनं देवाला कुठं जायचं, कुठं जायचं इचारताय. देव कुठं गेलाय का कवा परदेशाला? त्येला कसं ठावं असंल?"

 देवाप्पा मान डोलवू लागले. हा मुद्दा त्यांच्याही लक्षात आला नव्हता.

"देवाला आपली माणसं ठावी असत्यात," यशोदाबाई म्हणाल्या. "कुणी जायचं ते इचारा. आणा त्या पाकळ्या हिकडं." त्यांनी रवळूच्या हातातून पाकळ्या घेतल्या, पदराने टिपल्या, पाण्यात बुडवल्या आणि परत त्याच्या हातात ठेवल्या. रवळू त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला, पण त्याने पाकळ्या लावल्या.

"देवी आई," यशोदाबाईंनी स्वतःच हात जोडले, "ह्या माणसानं जन्मभर घराला आणि अनगोळाला धीर दिलाय. ह्यांना तू तुझ्या सावलीतनं लांब धाडायचं न्हाय, हितंच ठेवायचं, असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे."

शब्द संपतो न संपतो तोच उजवी पाकळी टपकन खाली पडली.

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले. कुणी हळहळलं, कुणी मारुतीरावांच्या पाठीवरून हात फिरवला. मष्णूचे डोळे तर पाण्याने भरले. त्याचे दोन तागे गेले होते. मारुतीराव डोक्याला हात लावून मान खाली घालून बसले. दुःख अनावर झालं असं लोक समजले. खरं म्हणजे त्यांना हसू आवरत नव्हतं. इतक्या दिवसांचं ओझं एका पाकळीसरशी उतरलं होतं. जायचं नव्हतं, आणि नाही असंही म्हणावं लागलं नव्हतं. देवीने नको म्हटलं होतं, तेही आदराने, चारचौघांत.

"आता दुसरं," यशोदाबाई म्हणाल्या.

मारुतीरावांनी मान वर केली. दुसरं?

"पास दोघांचा हाय. एक वाया गेला, दुसरा कशाला घालवायचा? देवी आई, मी जाऊ का? भरमा हाय संगतीला."

रवळूने नवी पाकळी लावली. तीही पडली. उजवीच.

 मग देवाप्पा खाकरले. "पर यशोदा, बाईमाणूस तू. पाठीला पिशवी लावून जाणार कुठं?"

"जितं मला कुणी 'च्या टाक' म्हणणार न्हाय तितं," यशोदाबाई म्हणाल्या. "आठ दिवस. गावाचं नाव भरमा बघंल."

कौल झालेला होता, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. गर्दीतल्या एका म्हातारीने "तसलं गाव सापडलं तर मलाबी सांग गं" म्हटलं आणि बायका हसायला लागल्या. मष्णूने मात्र धोरणी माणसासारखं विचारलं, "वैनी, मग कशिदा काय काढू?"

"काय काढू नका. रिकामीच बरी दिसती."

ट्रॉली परत निघाली. इंजिनाच्या आवाजात एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. मारुतीराव बायकोच्या कानाशी झुकले.

"अगं, मला भ्या वाटतंय हे तुला कवा कळलं?"

"लगीन झालं त्याच रोजी," यशोदाबाई म्हणाल्या. "वरातीची बैलगाडी वड्याच्या उताराला लागली, आणि तुम्ही डोळं मिटून माझ्या शालूचा पदर घट धरलासा. बायका म्हणाल्या, नवरा लई मायाळू हाय. मी म्हटलं, असू दे तसंच."

मारुतीरावांना आधी लाज वाटली. इतकी वर्षं जपलेलं गुपित पहिल्याच दिवशी फुटलं होतं आणि शिडी, माळा, कोगनोळी, सगळीकडे ते उगाचच पहारा देत बसले होते. मग लाज गेली आणि पाकळी पडली तेव्हापेक्षाही जास्त सुटल्यासारखं वाटलं. आता निदान एका माणसासमोर जप करायची गरज नव्हती.

"आणि त्या पाकळ्या?" त्यांनी विचारलं.

"कौल देवीनंच दिला. मी निस्तं चंदन पुसलं."

ट्रॉली पहिल्या वळणाला लागली. पुढचं चाक खाली गेलं आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मारुतीरावांचा हात आपोआप बायकोच्या पदराकडे गेला.

"धरा," यशोदाबाई समोरच्या खोऱ्याकडे बघत म्हणाल्या. "आज धरून घ्या. होळीच्या आत आठ दिवस तो हितं नसणार."